पारा थांबू द्या, सर

"पारा थांबू द्या, सर."

हे वाक्य ते दिवसातून दहादा तरी म्हणत. म्हणताना उजव्या हाताची मागची बाजू कॅलरीमापीच्या तांब्याच्या भांड्याला हलकेच टेकवलेली असे, आई लेकराचा ताप बघते तशी. नजर थर्मामीटरवर. एखादा पोरगा घाईने वाचन घ्यायला वाकला की डावा हात त्याच्यापुढे आडवा यायचा. पारा चढत चढत जाऊन एका जागी ठरला, की मगच तो हात खाली जाई.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत. कुणाच्या बढतीच्या यादीत ती नसतात, पण ती रजेवर गेली की कुठलीच गोष्ट जागेवर सापडत नाही. पांढरकवड्याच्या आमच्या शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात ते प्रयोगशाळा परिचर होते. शिक्षक त्यांना भाऊ म्हणत, पोरं काका म्हणत. मी भौतिकशास्त्र शिकवायला रुजू झालो तेव्हा त्यांची तिथे पंधरा वर्षं झाली होती. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा एका कागदावर ते मी लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. पुन्हा माझ्या हातून ते लिहिलं जाऊ नये असं वाटतं.

थर्मामीटरवर त्यांचा भारी जीव. दरवर्षी अकरावीत नवीन आलेलं एखादं पोर थर्मामीटर हातात घेऊन डॉक्टरसारखं झटकायला लागे. भाऊ कुठेही असोत, तिथून धावत येत. "अरे बाप्पा, हा डाक्टरचा नोहे," म्हणत ते थर्मामीटर त्याच्या हातून काढून घेत, आणि मग त्या थर्मामीटरला काही लागलं तर नाही ना अशा नजरेने थर्मामीटरकडेच बघत. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा ते कागदावर गोळा करून बाटलीत जपून ठेवत. त्या बाटलीला पोरं 'काकांची बँक' म्हणत.

पारा थांबण्याची वाट पाहायची त्यांची सवय प्रयोगशाळेपुरती नव्हती. चहा आला की कप समोर ठेवून बसून राहत. कुणी "घ्या ना भाऊ" म्हटलं की म्हणत, "थांबू द्या." स्टाफरूममध्ये दोन सरांचं वेळापत्रकावरून जुंपलं आणि दोघेही प्राचार्यांकडे निघाले, तेव्हा दारात उभं राहून हेच वाक्य त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं की दोघेही हसून परत फिरले.

कॅलरीमापी म्हणजे तांब्याचं छोटं भांडं. ते लाकडी पेटीत बसवतात आणि उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मधल्या जागेत काहीतरी भरतात. आमच्या आठही पेट्यांतलं मूळचा लोकरी नमदा उंदरांनी केव्हाच खाल्ला होता. भाऊंच्या घरी तीन एकर कपाशी होती. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पहिल्या वेच्याचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा, कापूस ते कापडी थैलीत घेऊन येत आणि आठही पेट्या नव्याने भरत. घरी बसून त्यातली सरकी एकेक करून बोटांनी काढलेली असे. मी एकदा विचारलं, जिनिंगमधून रुई का आणत नाही? म्हणाले, "त्यात कचरा राह्यते, सर. अन् पहिल्या वेच्याचा कापूस जसा धरते ना, तसा मागचा नाही धरत." हे शास्त्राला धरून आहे की नाही, मी कधी तपासलं नाही. पण आमच्या कॅलरीमापीतलं पाणी लवकर निवत नसे, एवढं खरं.

ज्यांनी विज्ञान घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. धातूचा गोळा दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात ठेवायचा. तो पुरता तापला की झटकन उचलून कॅलरीमापीतल्या गार पाण्यात सोडायचा, ढवळायचं आणि पाणी किती अंशांनी तापलं ते पाहायचं. गोळ्याने जेवढी उष्णता दिली तेवढी पाण्याने आणि भांड्याने मिळून घेतली, असं समीकरण मांडलं की त्या धातूची विशिष्ट उष्माधारकता निघते. पितळेची साधारण पॉइंट झिरो नाइन येते. शिशाची पॉइंट झिरो थ्री. म्हणजे तेवढ्याच वजनाचं शिसं पाण्याला पितळेच्या एकतृतीयांशच तापवतं.

आता माझी चूक. एका वर्षी नागपूरहून नवीन साहित्य आलं. त्यात तीन गोळे होते, तिन्ही सारख्याच वजनाचे, तिन्हींवर निकेलचा एकसारखा चकचकीत मुलामा. सोबतची चिठ्ठी कुठेतरी पडली. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. ॲल्युमिनियमचा गोळा सगळ्यांत मोठा होता, तो ओळखला. उरलेल्या दोघांवर मी अंदाजाने लेबलं चिकटवली. वजन सारखं आहे तर लहान गोळा शिशाचा असणार, हे दहावीच्या पोरालाही सुचलं असतं. मला घाईत सुचलं नाही. भाऊ बाजूला डिंक घेऊन उभे होते. "सर, पाहून घ्याचं काय एकडाव?" एवढं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वेळ नाही.

त्या दिवसापासून सहा वर्षं आमची पोरं शिशाचा गोळा पितळ म्हणून तापवत होती, आणि सहा वर्षं प्रत्येकाचं उत्तर पॉइंट झिरो नाइन येत होतं.

कसं, ते सांगायला लाज वाटते. आमच्याकडे उत्तर आधी आणि वाचन मागून अशी रीत होती. कपाटाच्या दाराला आतून उत्तरांची यादी चिकटवलेली होती. शेवटच्या तापमानाचा रकाना रिकामा सोडायचा, उत्तरावरून गणित उलटं करत यायचं आणि जो आकडा निघेल तो त्या रकान्यात भरायचा. पाणी दोन अंश तापलेलं असे, वहीत साडेपाच लिहिलेले असत. ही रीत मी आणली नव्हती. पण बंदही केली नाही. उलट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मीच ती फळ्यावर समजावून द्यायचो. निकाल चांगला लागायचा.

भाऊंना हे आवडत नसे. ते पोरांना म्हणत, "जे आलं ते लिवा." पोरं हसत आणि यादी पाहत. त्या नव्या गोळ्याविषयी त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. प्रयोग चालू असताना हात भांड्याला टेकवून म्हणाले, "सर, ह्या पितळात दम नाही. पानी तापतच नाही." मी वह्या तपासत होतो. म्हणालो, भाऊ, तुम्ही थर्मामीटर धुऊन ठेवा, बाकीचं मी बघतो. त्यांनी हात काढून घेतला आणि थर्मामीटर धुवायला गेले. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा म्हणाले. मग म्हणायचे थांबले.

सहाव्या वर्षी अकरावीत एक मुलगी होती. एसटीने येणारी, शेवटच्या बाकावर बसणारी, अक्षर रेखीव. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती आजारी होती, त्यामुळे माझा उलट्या गणिताचा तास तिला मिळाला नाही. परीक्षेला बाहेरच्या महाविद्यालयातले एक सर बोलावण्याची आमच्याकडे पद्धत होती. प्राचार्यही त्या दिवशी फेरी मारत. मुलीला नेमका हाच प्रयोग आला. तिने गोळा तापवला, पाण्यात सोडला, ढवळला, पारा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आलेला आकडा लिहिला. उत्तर आलं पॉइंट झिरो थ्री.

बाहेरच्या सरांनी तिची उत्तरपत्रिका उचलून सगळ्यांना दाखवली. "वा, इथे पितळेचं शिसं होतं का?" ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. ते सर चेष्टेत अगदी खरं बोलून गेले होते, आणि ते आम्हा कुणालाच कळलं नाही.

मुलगी खाली बघत म्हणाली, "जे आलं ते लिहिलं, सर. काकांनी तसंच सांगितलं."

"इथे काका शिकवतात वाटतं," बाहेरचे सर माझ्याकडे बघून म्हणाले. प्राचार्य दारात उभे होते. माझे कान तापले. त्या क्षणी मला आपली अब्रू वाचवायची होती, दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणालो की परिचर पोरांच्या प्रयोगात लुडबुड करतात, साहित्य इकडचं तिकडे करतात, मी अनेकदा समज दिली आहे. यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. प्राचार्य म्हणाले, लेखी द्या. मी त्याच टेबलावर बसून लेखी दिलं.

भाऊ मोरीपाशी उभे होते. सगळं ऐकत होते. मी सही करून वर पाहिलं तेव्हा हात पुसत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पारा थांबला होता, सर. म्या पाह्यला."

दुसऱ्या दिवशी त्यांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर आणि घंटेवर नेमलं. त्यांच्या नोकरीची दोन-सव्वादोन वर्षं राहिली होती.

त्याच शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, मी एकटा प्रयोगशाळेत गेलो. तो गोळा मी स्वतः तापवला. पाणी दोन अंश तापलं. पुन्हा केला, पुन्हा दोन. मग मोजपात्रातल्या पाण्यात गोळा बुडवून त्याची घनता काढली. शिसं. 'शिसे' लिहिलेल्या गोळ्याला एवढ्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. तो पितळेचा निघाला. लेबलांची अदलाबदल करायला मला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत प्राचार्यांच्या घरी जाऊन सांगता आलं असतं. त्यांचं घर महाविद्यालयाच्या मागच्याच गल्लीत आहे. मी कपाटाला कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवलो.

मुलगी काठावर पास झाली. जूनमध्ये तिचे वडील दाखला काढायला आले. कचेरीच्या खिडकीपाशी टोपी हातात घेऊन उभे होते. बाबू विचारत होते, विज्ञान का सोडते? ते म्हणाले, "तिले जमत नाही म्हनते." मी मागच्या बाकावर हजेरीपट लिहीत बसलो होतो. उठलो नाही.

भाऊंची मात्र कुठे तक्रार नाही. फाटकावर लाकडी स्टूल टाकून बसत. घंटा अचूक देत, पण हातोडी उचलली की घड्याळाचा काटा नेमका बारावर येईपर्यंत हात वर धरून ठेवत, ते बघायला लहान वर्गातली पोरं जमत. मी सकाळी आलो की उठून उभे राहत. "या सर," म्हणत. मला त्यांच्याकडे बघवत नसे, म्हणून मी मोटारसायकल मागच्या फाटकाने आत घ्यायला लागलो.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "सर, पोरं सांगून राह्यली, आता पानी तापते म्हने. पाच अंशाच्या वर जाते."

मी म्हणालो, "हो."

"बरं झालं," ते म्हणाले. थोडा वेळ थांबले. माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी तसेच, जसे थर्मामीटरकडे बघत. मग घंटेची वेळ झाली म्हणून गेले. त्यांना सगळं कळलं होतं. आणि मला कळलं आहे, हेही कळलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. भाषण माझ्याकडे आलं, कारण विभागात मीच जुना. मी प्रामाणिक, निष्ठावान, कर्तव्यदक्ष असे सगळे शब्द वापरले. एक वाक्य तेवढं बोललो नाही. भाऊ नव्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. भाषण संपलं तरी त्यांनी टाळी वाजवली नाही. अजून काही यायचं आहे असं समजून ते बसून होते. मी खाली येऊन बसलो, तेव्हा बाकीच्यांच्या मागून त्यांनीही दोनदा टाळी वाजवली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मी त्यांच्या गावाला गेलो. तो शिशाचा गोळा खिशात घेतला होता. मनात ठरवलं होतं की आधी गोळा त्यांच्या हातावर ठेवायचा, मग बोलायचं. गाव पांढरकवड्याहून आत, जंगलाच्या बाजूला. भाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला बघून गडबडले. खाट टाकली, वहिनींना हाक मारली, चहा आला. कप समोर ठेवून आम्ही दोघेही बसून राहिलो. मी कप उचलायला गेलो तर म्हणाले, "थांबू द्या, सर. पोयते." मग स्वतःच हसले.

आम्ही तुरीच्या भावाचं बोललो. नवीन प्राचार्यांचं बोललो. माझा हात खिशात गोळ्यावर होता. शिसं लवकर तापतं. माझ्या मुठीच्या उबेने तो गोळा केव्हाच तापला होता.

शेवटी त्यांनीच विचारलं, "काही काम होतं काय, सर?"

मी म्हणालो, "नाही, सहज. इकडूनच पुढे चाललो होतो."

"रस्ता तं इथंच सरते न, सर," ते म्हणाले. टोमणा नव्हता. मी चुकलो असेन तर मला वाट सांगावी, अशा सुरात म्हणाले. मी उठलो. ते गावाच्या शिवेपर्यंत मोटारसायकलच्या मागे चालत आले. मी परत पांढरकवड्याकडेच वळलो ते त्यांनी उभं राहून पाहिलं.

त्या वर्षीच्या पोळ्यानंतर कचेरीत बातमी आली. भाऊ शेतात गेले होते, दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाडाखाली बसले, ते उठलेच नाहीत. मी दहाव्याला गेलो. तेव्हाही गोळा खिशात होता. कशासाठी घेतला होता, मला सांगता येणार नाही.

वहिनींनी मला ओळखलं. लोक उठून गेल्यावर त्या आत गेल्या आणि तीन कापडी थैल्या घेऊन बाहेर आल्या. थैल्यांचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं. माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "हे तुमच्या पेट्यायचं हाये."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. फाटकावर गेल्यावरही भाऊ दरवर्षी पहिल्या वेच्याचा कापूस बाजूला काढत आणि बसून त्यातली सरकी काढत. दोन वर्षं नोकरीतली, एक निवृत्तीनंतरचं. "म्या म्हनलं, नेऊन द्या न एकदाचा. तं म्हने, सर बोलावतीन तं नेईन. आपल्या मनानं कसं जावं, तिथं आता आपलं काम नाही." पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तुम्ही मंधात आलते, तवा वाटलं न्याले आले. मंग तसेच गेले."

मी त्यांना सगळं सांगितलं. गोळ्याचं, लेबलांचं, त्या कागदाचं. गोळा खाटेवर काढून ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं, गोळ्याला हात लावला नाही. मग म्हणाल्या, "त्यायले सांगाचं होतं, सर."

सोमवारी मी महाविद्यालयाला लेखी दिलं, पहिल्या कागदाइतकंच लांब. नवीन प्राचार्यांनी ते वाचलं, आता याचं काय करायचं असं विचारलं आणि फाइलला लावलं. कपाटाच्या दाराची यादी मी फाडून टाकली. यंदा अकरावीच्या पोरांची उत्तरं पॉइंट झिरो सेव्हनपासून पॉइंट वन टूपर्यंत आली आहेत, आणि मी ती तशीच ठेवली आहेत. त्या मुलीचा पत्ता काढला आहे. तिचं लग्न वणीकडे झालं आहे. जाणार आहे असं इथे लिहून ठेवतो, कारण मी मला ओळखतो.

काल प्रयोगशाळेत बसून भाऊंचा कापूस येईनासा झाल्यावर आठही पेट्यांत भरलेले थर्माकोलचे तुकडे काढले आणि त्या तीन थैल्या सोडल्या. पहिल्या वर्षीचा कापूस जरा पिवळा पडला होता, शेवटचा अजून पांढरा होता. भरण्याआधी सगळा कापूस मी मूठ-मूठ घेऊन बोटांनी चाचपून पाहिला. त्यात एकही सरकी लागली नाही.